पाणी चढलं, की पट्टी सरकली?

आलेख वाचताना : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण छापील आलेखांच्या उभ्या अक्षाबद्दल बोललो. तिथे आकडे आधीच हातात असतात. आलेख काढणारा ते नजरेखालून घालतो, प्रमाण ठरवतो आणि मोकळा होतो. दहावीच्या मुलांना आलेखाच्या कागदावर कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहायला लावतात आणि ते राहिलं की गुण कापतात. हे मला अगदी योग्य वाटतं. प्रमाण माहीत नसलेली रेघ नुसती वळवळ असते. आज घ्यायचे आलेख वेगळे आहेत. काढून झाल्यावरही त्यांच्यात आकडे येत राहतात. नदीची पातळी, रुग्णाच्या हृदयाचे ठोके, शेअरचा भाव, सर्व्हरवरचा ताण असे कितीतरी. नवा आकडा चौकटीबाहेर गेला तर चौकट मोठी करायची का? कुणी, कधी आणि किती? या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच देऊन टाकतं, आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आपण सांगलीचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात तिथे ‘आयर्विनला किती फूट?’ हा प्रश्न घराघरांत असतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. पुलापाशी पातळी मोजण्याची जी पट्टी असते, ती जागची हलत नाही. पाणी वर चढतं, पट्टी तिथेच राहते, म्हणून तर पातळी कळते. आता हीच पातळी दर पंधरा मिनिटांनी संगणकाकडे पाठवा आणि अक्ष आपोआप ठरू द्या. समजा, सप्टेंबरातली उघडीप आहे आणि दिवसभरात पाणी १८ फूट २ इंचांवरून १७ फूट ११ इंचांवर आलं. आकड्यांना घट्ट चिकटणारा अक्ष या तीन इंचांना अख्खा पडदा देऊन टाकतो. वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात कोसळणारी रेघ दिसते. समजा, ऑगस्टातल्या एका रात्री पाणी तासाला फुटाने चढतंय. त्या रेघेचा चढही पडद्यावर तेवढाच तिरपा दिसेल. शांत दिवस आणि वैऱ्याची रात्र, दोन्हींचं चित्र एकच. फरक फक्त डाव्या कडेच्या बारीक आकड्यांमध्ये, आणि घाबरलेल्या माणसाची नजर त्या आकड्यांकडे सगळ्यात शेवटी जाते.

याहून वाईट गोष्ट अशी, की १८ फुटांभोवती घट्ट बसलेल्या चौकटीत ४० आणि ४५ फुटांच्या रेघा मावतच नाहीत. ज्या दोन रेघांसाठी माणूस आलेख उघडतो, त्याच पडद्याबाहेर राहतात.

मग अक्ष कायमचा बांधून टाकावा का? तेही धोक्याचं आहे. २००५च्या महापुरात आयर्विनजवळची पातळी ५३ फुटांच्या पुढे गेली होती. तो आकडा धरून कुणी ५५ फुटांवर अक्ष बंद केला असता, तर २०१९च्या ऑगस्टमध्ये त्याची रेघ चौकटीच्या वर निघून गेली असती, कारण त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर चढलं. आलेखाची खरी गरज असते नेमक्या त्याच तासांत तो मुका झाला असता. म्हणून माझ्या मते नदीच्या आलेखाला एक किमान चौकट हवी. तळापासून धोका पातळीच्या थोडं वरपर्यंतचा भाग तिच्यात कायम दिसला पाहिजे. पाणी त्याच्याही वर गेलं, तर तेवढ्यापुरती चौकट वाढावी. खाली मात्र ती त्या किमान मापापेक्षा कधीच आकसू नये.

आता यंत्र हे कसं ठरवतं ते बघू. आलेख काढणारं जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर दोन वेगळ्या गोष्टी लक्षात ठेवतं. एक म्हणजे आकड्यांची व्याप्ती, म्हणजे आजवरचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा. दुसरी म्हणजे खिडकी, म्हणजे पडद्यावर प्रत्यक्ष दाखवायचा भाग. व्याप्तीवरून खिडकी ठरवण्याला स्वयंचलित प्रमाण म्हणतात. या दोन्हींमधला दुवा तुटला की नवशिक्या प्रोग्रॅमरचा हमखास गोंधळ होतो.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब हे त्याचं चांगलं उदाहरण. जॉन हंटर यांनी ते लिहिलं. ते शिकागो विद्यापीठात मज्जाजीवशास्त्रावर काम करत होते. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून घेतलेले विद्युत संकेत बघण्यासाठी त्यांना साधन हवं होतं, आणि त्यातूनच हे जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर २००३च्या सुमारास उभं राहिलं. हंटर २०१२मध्ये वारले. त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं, म्हणून आज कुठलाही विद्यार्थी एक पैसा न देता ते वापरू शकतो. या माणसाचे आपल्यावर उपकार आहेत.

मॅटप्लॉटलिबमध्ये रेघ पहिल्यांदा काढली की अक्ष तिच्या मापाचा होतो. पण नंतर त्याच रेघेत नवे आकडे भरले, तर बदल फक्त रेघेला कळतो, अक्षाला नाही. रेघ चौकटीबाहेर निघून जाते आणि माणूस पडद्याकडे बघत राहतो. अशा वेळी दोन हुकूम द्यावे लागतात. ‘रीलिम’ म्हणजे व्याप्ती नव्याने मोज, आणि ‘ऑटोस्केल व्ह्यू’ म्हणजे त्या व्याप्तीवरून खिडकी बसव. पहिला विसरलात तर दुसरा जुन्याच व्याप्तीवर काम करतो. यात आणखी एक खाच आहे. तुम्ही कधी हाताने अक्षाच्या मर्यादा लिहून दिल्या असतील, तर स्वयंचलित प्रमाण बंद होतं आणि दुसऱ्या हुकमाचा काही परिणाम होत नाही. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला ती सभ्यता वाटते. माणसाने मुद्दाम ठरवलेली मर्यादा यंत्राने न विचारता मोडू नये. बघणारा आलेखाचा एक भाग मोठा करून निरखत असताना पुढचा आकडा आला म्हणून त्याच्या डोळ्यांसमोरून तो भाग पळवणं हा उद्धटपणा आहे. त्याने स्वतः ‘पुन्हा चालू’ असं बटण दाबेपर्यंत खिडकी त्याचीच असावी.

धोका पातळीची रेघ हरवण्यावरही इथे सोपा उपाय आहे. ती रेघ आलेखातच आडवी आखली, की तिची उंचीसुद्धा व्याप्तीत धरली जाते आणि खिडकी तिला सामावून घेते.

खिडकीच्या कडा नेमक्या कुठे ठेवायच्या, हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. पॉल हेकबर्ट यांनी १९९० साली ‘ग्राफिक्स जेम्स’ या पुस्तकात एक छोटी रीत दिली होती. अक्षावरच्या खुणांमधलं अंतर १, २ किंवा ५ यांच्या दहापटीत, शंभरपटीत किंवा दशांशात असावं, कारण माणसाला तेच आकडे चटकन वाचता येतात. ३.७च्या टप्प्याने जाणारा अक्ष गणिताने बरोबर असेल, पण डोळ्यांना तो अडखळवतो. जुनं मॅटप्लॉटलिब खिडकीच्या कडाही अशाच सुटसुटीत आकड्यांवर नेऊन ठेवत असे. २०१७च्या आवृत्ती २.०पासून ते बदललं. आता व्याप्तीच्या दोन्ही बाजूंना पाच टक्के जागा सोडतात आणि तिथेच कड येते. छापील आलेखाला हे शोभतं, उगीच मोठी रिकामी जागा राहत नाही. चालू आलेखाला मात्र ते बाधतं. पातळी हळूहळू चढत असेल तर प्रत्येक नवा आकडा आजवरचा सर्वांत मोठा असतो. म्हणून प्रत्येक वेळी कड केसभर सरकते, खुणा हलतात आणि अख्खं चित्र थरथरत राहतं. त्यापेक्षा जुनी रीत बरी. ४० फुटांपर्यंतची खिडकी ४० ओलांडेपर्यंत हलत नाही. मग ती एकदाच ५०वर जाते आणि तिथे थांबते. ही जुनी सवय आजही सेटिंगमध्ये शिल्लक आहे. चालू आकड्यांचं काम करणाऱ्याने ती जरूर चालू करावी.

घरच्या संगणकावर हे बघायचं असेल तर विंडोजचं टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूचा आलेख कायम शून्य ते १०० टक्के असतो, कारण त्याला नैसर्गिक कमाल मर्यादा आहे. शेजारचा नेटवर्कचा आलेख मात्र वापराप्रमाणे प्रमाण बदलतो. एखादी मोठी फाइल उतरवायला लावा आणि वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर ठेवा. फाइल उतरून झाली आणि तो उंच भाग डावीकडून बाहेर सरकला, की उरलेली किरकोळ रेघ अचानक फुगते. त्या क्षणी नेटवर्कवर काहीच घडलेलं नसतं. जुना उंच आकडा नजरेआड झाला, एवढंच कारण.

सरकत्या खिडकीचा हा दोष गंभीर आहे, कारण चित्र आत्ता बदलतं आणि त्याचं कारण तासाभरापूर्वीचं असतं. यावर चालणारा उपाय म्हणजे वाढ आणि घट यांना वेगळे नियम लावणं. आकडा वर गेला तर चौकट तत्क्षणी वाढावी, नाहीतर माहितीच कापली जाते. चौकट लहान करायची घाई मात्र करू नये. आकडे बराच वेळ निम्म्याच्याही खाली राहिले तरच ती एक पायरी उतरावी, आणि प्रमाण बदललं हे पडद्यावर दिसावं. खुणांचे आकडे क्षणभर ठळक झाले तरी पुरे. असं कमी वेळा प्रमाण बदलणं यंत्रालाही सोयीचं असतं. वेगासाठी अनेक प्रोग्रॅम पार्श्वभूमीचं चित्र जपून ठेवतात आणि त्यावर फक्त नवी रेघ काढतात. अक्षाच्या खुणा त्या जपलेल्या चित्रातच असल्याने, प्रमाण बदललं की सगळं नव्याने काढावं लागतं.

काही आलेखांत मात्र प्रमाण आपोआप बदलू देणंच चूक आहे. ईसीजीचं प्रमाण बहुतेक सगळीकडे ठरलेलं आहे. १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची आणि कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर. म्हणून बारीक चौकोनाची रुंदी ०.०४ सेकंद असते, आणि डॉक्टर चौकोन मोजूनच निदानाकडे जातात. पट्टीवर एक चौकोनी खूण असते, ती याच प्रमाणाची साक्ष. लहरी फार उंच असल्या तर प्रमाण निम्मं करतात, पण ते सहसा माणूस करतो आणि तशी नोंद पट्टीवर येते. आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. त्याच्या हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साठतं आहे. अशा वेळी लहरींची उंची कमी होऊ लागते. हातापायांच्या सगळ्या लीडमध्ये, म्हणजे तिथल्या तारांवरून येणाऱ्या नोंदींमध्ये, क्यूआरएस ही ठोक्याची मुख्य लहर ५ मिलिमीटरपेक्षा खुजी दिसली, तर डॉक्टर सावध होतात. त्यांच्यासाठी तो खुजेपणाच खबर असतो. खाटेशेजारच्या अनेक मॉनिटरवर आकार ‘ऑटो’ ठेवायची सोय असते. ठोके मोजायला ती ठीक आहे. पण खुजी होत चाललेली लहर तिने प्रत्येक वेळी ताणून पूर्ववत उंच केली, तर खुजेपणाची खबर पडद्यावरून पुसली जाते. ज्या आलेखात उंचीलाच अर्थ आहे, तिथे उंचीचं माप यंत्राच्या मर्जीवर सोडू नये, असं मला फार कळकळीने वाटतं.

राहिला भरकटलेल्या आकड्याचा प्रश्न. सेन्सरची तार सुटली की काही उपकरणं उणे ९९९९ असा ठरावीक आकडा पाठवतात. तो व्याप्तीत शिरला की अक्ष उणे दहा हजारांपर्यंत ताणला जातो आणि बाकीची सगळी पातळी वरच्या कडेला चिकटलेली सपाट रेघ होते. त्यावर काही जण टोकाचे एक-दोन टक्के आकडे सोडूनच अक्ष ठरवतात. नदीच्या बाबतीत हे कधीच करू नये, कारण महापूर हाच तो टोकाचा एक टक्का असतो. अशक्य आकडे आलेखापर्यंत पोचण्याआधीच गाळावेत. पातळी उणे असू शकत नाही, किंवा पंधरा मिनिटांत तीस फूट वाढू शकत नाही, हे नदी ओळखणारा माणूस सांगू शकतो. गाळलेल्या जागी रेघ तुटलेली दिसू द्यावी, दोन्ही टोकं जोडू नयेत.

आडव्या अक्षाबद्दल थोडक्यात. वेळ पुढे जाताना अख्खी रेघ डावीकडे सरकवण्याचा रिवाज बहुतेक ठिकाणी आहे, पण सरकत्या रेघेचा आकार नीट वाचता येत नाही. खाटेशेजारचे मॉनिटर वेगळं करतात. रेघ जागेवर स्थिर राहते आणि एक कोरी पट्टी डावीकडून उजवीकडे जात जुनं पुसते, तिच्या मागोमाग नवी रेघ उमटते. नदीसारख्या संथ गोष्टीला याची गरज नाही. तिथे गेले तीन दिवस कायम दिसावेत, एवढं पुरतं.

शेअरबाजाराचे आलेख आज जाणूनबुजून बाजूला ठेवले. तिथे दहा रुपयांची वाढ शंभरावर झाली की हजारावर, याने अर्थच बदलतो आणि साधा अक्ष अपुरा पडतो. त्यासाठी लघुगणकी (लॉग) अक्ष लागतो, तो पुढच्या भागात.