खर्जातला दूरसंवाद
प्राणिसृष्टीचे ध्वनिविश्व : लेखांक सातवा

मेळघाटातील सांबर, चितळ आणि वानर यांच्या इशाऱ्याच्या हाकांचा विचार मागील लेखांकात झाला. त्या हाका माणसाच्या कानाला स्पष्ट ऐकू येतात, म्हणूनच कोरकू गुराख्यांना आणि वनरक्षकांना त्यांच्यावरून वाघ-बिबट्याचा सुगावा लागतो. परंतु याच मेळघाटात, सिपना नदीच्या काठी कोलकास येथे, वन विभागाचे पाळीव हत्ती आहेत, आणि हत्तींच्या आपसातील बोलण्याचा बराच भाग माणसाला ऐकूच येत नाही, ही गोष्ट विज्ञानाला १९८० च्या दशकापर्यंत ठाऊक नव्हती. १९८४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभ्या असलेल्या केटी पेन यांना हवेत अधूनमधून मंद कंप जाणवला. पुढे ध्वनिमुद्रणाचे विश्लेषण झाले, तेव्हा तो कंप म्हणजे १४ ते २४ हर्ट्झ वारंवारतेच्या हाका असल्याचे दिसून आले. वारंवारता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. ती हर्ट्झ या एककात मोजतात, आणि माणसाच्या श्रवणाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ मानली जाते. त्या मर्यादेखालील ध्वनीला अवश्राव्य ध्वनी म्हणतात. पेन यांनी त्यापूर्वीची अनेक वर्षे देवमाशांचे आवाज ऐकण्यात आणि त्यांचे आलेख तपासण्यात घालवली होती. हत्ती आणि निळा देवमासा हे जमिनीवरील आणि समुद्रातील सर्वांत मोठे प्राणी, आणि दोघेही दूरच्या सजातीयांशी बोलण्यासाठी खर्जाचाच आधार घेतात. प्रस्तुत लेखांक त्यांपैकी समुद्रातील प्राण्यांविषयी, विशेषतः अरबी समुद्रातील देवमाशांविषयी आहे.

देवमासा हा नावाने मासा असला तरी तो फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्याला ज्या माध्यमात जगावे लागते त्यात डोळ्यांचा उपयोग फार थोडा होतो, कारण सुमारे २०० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश जवळजवळ उरत नाही आणि गढूळ किनारी पाण्यात तर काही मीटरपलीकडचेही दिसत नाही. ध्वनीची गोष्ट याच्या उलट आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. मुंबई ते अकोला हे रेल्वेचे सुमारे ५८० किलोमीटरचे अंतर समुद्रात असते, तर ते काटण्यास ध्वनीला साडेसहा मिनिटेही लागली नसती. वेगापेक्षाही महत्त्वाचे आहे ते ध्वनीचे टिकून राहणे. उच्च वारंवारतेच्या ध्वनीची ऊर्जा पाण्यात लवकर शोषली जाते, तर खर्जाची फारच कमी प्रमाणात शोषली जाते. शिवाय तापमान आणि दाब यांच्या एकत्रित परिणामामुळे उष्ण समुद्रांत साधारण एक किलोमीटर खोलीच्या आसपास असा एक थर निर्माण होतो, की ज्यात ध्वनीचा वेग सर्वांत कमी असतो आणि त्यात शिरलेला ध्वनी वर किंवा खाली न विखुरता पुन्हा पुन्हा त्याच थराकडे वळत दूरवर जातो. खर्जातील हाक अनुकूल परिस्थितीत शेकडो किलोमीटरपर्यंत पोहोचू शकते, ती या दोन कारणांमुळे.

देवमाशांचे दोन मोठे गट आहेत आणि त्यांची आवाज काढण्याची रीत अगदी भिन्न आहे. दातांच्या गटात डॉल्फिन आणि स्पर्म व्हेल येतात. ते नाकाच्या मार्गातील ओठांसारख्या पडद्यांतून हवा ढकलून टकटक असा ध्वनी काढतात. दुसऱ्या गटातील देवमाशांना दात नसतात, त्यांच्या वरच्या जबड्यातून केराटीनच्या पट्ट्यांची गाळणी लोंबत असते, आणि निळा देवमासा, ब्राइड्स देवमासा व हम्पबॅक हे याच गटातले होत. हे प्राणी पाण्याखाली श्वास कोंडून असताना आवाज कसा काढतात, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. डेन्मार्कमधील कोएन एलेमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले, की त्यांच्या स्वरयंत्रात इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची एक ताठ रचना असून ती चरबीच्या उशीवर दाबली जाते आणि हवा जाताना त्या उशीचा पृष्ठभाग थरथरतो. बाहेर हवा न सोडता तीच हवा पुन्हा वापरता येते, म्हणून बुडबुडे न काढता गाणे शक्य होते. याच संशोधनाने या रचनेची मर्यादाही दाखवली: असा आवाज सुमारे १०० मीटर खोलीपर्यंत आणि सुमारे ३०० हर्ट्झपर्यंतच काढता येतो. ही मर्यादा पुढे येणाऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

निळ्या देवमाशाची हाक बहुतांशी १० ते ४० हर्ट्झच्या दरम्यान असते. २० हर्ट्झच्या ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी, म्हणजे एका तरंगाची लांबी, सुमारे ७५ मीटर भरते, जी त्या प्राण्याच्या देहाच्या दुपटीहून अधिक आहे. जगातील निळ्या देवमाशांचे निरनिराळे समूह आपापल्या ठरावीक गाण्यांवरून ओळखले जातात, त्यामुळे समुद्रात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालील ध्वनिग्राहक, ठेवून तेथे कोणता समूह वावरतो हे प्राणी न पाहताही सांगता येते. दिव्या पणिक्कर आणि कॅथलीन स्टॅफर्ड यांनी लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळ अशा नोंदी घेऊन तेथे श्रीलंकेच्या प्रकारचे गाणे गाणारे निळे देवमासे येतात आणि त्यांचा वावर एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक असतो, हे दाखवून दिले. २०२० मध्ये अरबी समुद्राच्या पश्चिमेकडील ओमानच्या किनाऱ्यावरून, तोवर कोणीही न नोंदवलेले असे निळ्या देवमाशाचे वेगळे गाणे प्रसिद्ध झाले, आणि एवढ्या प्रचंड प्राण्याचा एक अख्खा समूह केवळ कानामुळे उजेडात आला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये सिंधुदुर्गातील कुणकेश्वरजवळ निळे देवमासे दिसले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला लागलेला निळा देवमासा वाचू शकला नाही. त्यांचे आवाज मात्र या किनाऱ्यावर दीर्घकाळ ऐकले गेलेले नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

हम्पबॅकचे गाणे हा याहून गुंतागुंतीचा प्रकार आहे. बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलाचे अभियंते फ्रँक वॉटलिंग्टन यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास करून रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ मध्ये असे मांडले, की हे आवाज विस्कळीत नसून त्यांत सुटे स्वर मिळून पदे होतात, तीच पदे आवर्तनाने येऊन एक भाग बनतो, आणि असे अनेक भाग ठरावीक क्रमाने आले की गाणे पूर्ण होते. एक गाणे साधारण दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालते आणि गाणारा नर ते तासन् तास पुन्हा पुन्हा गातो. माद्या गात नाहीत, यावरून गाण्याचा संबंध प्रजननाशी असावा असे मानतात. ते माद्यांना बोलावण्यासाठी असते की इतर नरांना बजावण्यासाठी, याबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही. एका समूहातील सारे नर एका हंगामात जवळपास एकच गाणे गातात आणि ते हळूहळू सर्वांचे मिळून बदलत जाते, ही गोष्ट केटी पेन यांच्या अभ्यासातून पुढे आली. दक्षिण प्रशांत महासागरात तर पूर्व ऑस्ट्रेलियाकडील गाणी काही वर्षांत पूर्वेकडे फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत पसरत गेल्याचे २०११ मध्ये दाखवले गेले. उपजत प्रवृत्तीने हे होणे शक्य नाही. प्राणी एकमेकांचे ऐकून शिकतात म्हणूनच हे घडते, आणि शिकून पसरणाऱ्या गोष्टीला संस्कृती म्हणण्यास संकोच करण्याचे कारण दिसत नाही.

अरबी समुद्रातील हम्पबॅक या कुळात एकटे पडलेले आहेत. जगातील इतर हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे आणि हिवाळ्यात उष्ण समुद्राकडे प्रवास करतात, हे मात्र वर्षभर अरबी समुद्रातच राहतात. जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून अलग असून त्यांचे गाणेही नैर्ऋत्य हिंदी महासागरातील सजातीयांपेक्षा वेगळे आहे. १९६६ च्या सुमारास सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकार करून त्यांतील दोनशेहून अधिक प्राणी मारले, आणि आज ओमानच्या किनाऱ्यावरील त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-खूण बसवलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दक्षिण टोकापर्यंत जाऊन परत फिरली, तेव्हा दोन्ही काठांवरचा हा एकच लहानसा समूह असल्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. एवढ्या विरळ प्राण्यांना एकमेकांचा पत्ता लागायचा तर दूरवर जाणाऱ्या आवाजाखेरीज दुसरे साधन नाही.

स्पर्म व्हेलची रीत संक्षेपाने सांगता येईल. त्यांच्या टकटकीच्या ठरावीक मालिकांना कोडा म्हणतात, आणि प्रत्येक मोठ्या कुलसमूहाचे कोडा वेगळे असतात. प्रत्यूषा शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये कॅरिबियनमधील डॉमिनिका बेटाजवळच्या ८,७१९ कोडांची छाननी करून त्यांत लय, गती, गतीतील सूक्ष्म फेरफार आणि जादा टकटक अशा चार घटकांची जोडणी होते असे दाखवले. घटक जोडण्याची ही क्षमता भाषेची आठवण करून देते. परंतु कोणत्या जोडणीचा अर्थ काय, हे कळेपर्यंत तिला भाषा म्हणणे घाईचे ठरेल.

या साऱ्या संवादावर आलेले संकट म्हणजे जहाजांचा गोंगाट. मोठ्या जहाजाच्या पंख्याचा आणि इंजिनाचा आवाज मुख्यतः खर्जातच असतो, म्हणजे देवमाशांच्या हाकांच्याच पट्टीत, आणि वर सांगितलेल्या स्वरयंत्राच्या मर्यादेमुळे त्यांना पट्टी बदलून किंवा खोल जाऊन त्यातून सुटता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत १९६० च्या दशकानंतरच्या चाळीस वर्षांत खर्जातील गोंगाट १० ते १२ डेसिबलने, म्हणजे तीव्रतेत दहा पटीहून अधिक, वाढल्याचे आढळले. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजवाहतूक थंडावली, तेव्हा कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात गोंगाट ६ डेसिबलने उतरला आणि तेथील राइट व्हेल या देवमाशांच्या विष्ठेतील तणावदर्शक संप्रेरकांचे प्रमाण कमी झाले. गोंगाटाने या प्राण्यांना सततचा ताण होतो, याचा हा सबळ पुरावा आहे.

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या वऱ्हाडाचा या गोंगाटाशी संबंध नाही, असे समजणे चूक होईल. १८६० च्या दशकात लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि अकोला, खामगाव, अमरावतीच्या बाजारांतील कापसाच्या गाठी मुंबईहून वाफेच्या जहाजांनी विलायतेच्या गिरण्यांकडे जाऊ लागल्या. अरबी समुद्रात यंत्रांचा खर्ज वाढत गेला तो याच व्यापाराच्या ओघात. आज न्हावाशेवा हे देशातील प्रमुख कंटेनर बंदर आहे, आणि पालघर जिल्ह्यातील वाढवण येथील नव्या मोठ्या बंदराला केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. जहाजे संथ चालवल्यास बहुतेकांचा आवाज लक्षणीय कमी होतो, हे सिद्ध झालेले आहे. पण वेग कोठे आणि कोणत्या महिन्यांत कमी करावा हे ठरवण्यासाठी आधी देवमासे कोठे आणि केव्हा बोलतात ते कळले पाहिजे, आणि त्यासाठी लक्षद्वीपप्रमाणे कोकण किनाऱ्यालगतही वर्षभर नोंद घेणारे हायड्रोफोन बसवणे निकडीचे आहे. डॉल्फिन स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा वेध कसा घेतात, याचा विचार पुढील लेखांकात होईल.