चकवा लागतो म्हणजे काय?

रात्री खाजणातून येताना माणूस वाट चुकला, चालून चालून पुन्हा त्याच बांधावर आला, की लोक म्हणतात, "ह्याला चकवा लागला!" चकवा म्हणजे वाट चुकवणारे भूत. पण असे भूत खरेच असते का?

२००९ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी काही माणसांना जंगलात व सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली. तो दिसेनासा झाला, की वळू लागली. ढगाळ दिवशी जंगलात तर ती गोल फिरून आपल्याच वाटेवर आली! त्यांना मात्र वाटत होते, आपण सरळच चाललोय. समोर खूण नसली, की पावलागणिक थोडी चूक होते आणि ती साठत जाते. भूतबित काही नसते.

खरा धोका घाबरून पळण्यात आहे. खाजणात चिखल असतो, भरतीचे पाणी चढते. म्हणून भरतीची वेळ मोठ्या माणसांना विचारूनच निघा. ती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे जाते. सोबती व बॅटरी घ्या. वाट चुकलीच तर उंच बांधावर थांबा, हाका मारा, आपल्या चंडिकादेवीचा डोंगर किंवा गावातले दिवे शोधा. खूण सापडली, की चकवा सुटला!