पावसाची किल्ली

बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात संदेष्टा एलिया कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत तोंड घालून बसला आहे. त्याचा चाकर समुद्राच्या बाजूला जाऊन पाहून येतो, काही दिसत नाही म्हणतो, पुन्हा जातो. सातव्या खेपेला त्याला माणसाच्या तळव्याएवढा ढग पाण्यातून वर येताना दिसतो आणि लांबलेला दुष्काळ फिटतो. या निनावी चाकराचं मला कित्येक वर्षं वेड आहे. कर्मेलला समुद्र पश्चिमेला, डहाणूलाही पश्चिमेला. मे सरता सरता इथला प्रत्येक माणूस त्या चाकराचंच काम करत असतो. राब भाजून झालेले असतात, सुके बोंबील आवरून ठेवलेले असतात, होड्या वर ओढून घेतलेल्या असतात आणि सगळ्यांची नजर दर्याच्या कडेला लागलेली असते. हिब्रू शास्त्रातल्या देवाची निसर्गावरची सत्ता नेमकी कशी चालते, हा माझा शोध या नजरेतून सुरू झाला.

अहाब राजा, ईजबेल राणी, बालाचे साडेचारशे संदेष्टे आणि आकाशातून पडलेला अग्नी ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्यामागचा वाद मात्र नीट सांगितला जात नाही. वाद एवढाच होता की पाऊस कुणाचा? १९२९ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथं क्लोद शेफर या फ्रेंच संशोधकाच्या उत्खननाला सुरुवात झाली आणि उगारित नगरीच्या मातीच्या पाट्या वर आल्या. त्यांत बाल हा मेघांवर स्वार होणारा देव आहे. तो यम्म नावाच्या समुद्राला हरवतो, मोत नावाच्या मृत्यूच्या तोंडात जातो आणि परत येतो. आपल्याकडच्या वाचकाला इंद्र आणि वृत्र लगेच आठवतील. एच. एल. गिन्सबर्ग या अभ्यासकानं १९३० च्या दशकात असं सुचवलं की २९ वं स्तोत्र, ज्यात देवाचा आवाज पाण्यावर गडगडतो, ते मुळात बालाच्या स्तुतीच्या धाटणीचं असावं. मला हे पटतं. शेजाऱ्यांच्या पाऊसदेवाची सगळी वस्त्रं हिब्रू कवींनी आपल्या देवाला घातली आणि मग म्हटलं, हाच खरा. एलिया तर दुष्काळात आसऱ्याला जातो तो सीदोनच्या मुलखात, म्हणजे बालाच्याच घरी. तिथंही पाऊस नसतो. सारफथ गावची एक विधवा शेवटचं मूठभर पीठ भाजायच्या तयारीत असते.

डहाणू-तलासरीत वारल्यांचा नारनदेव पाऊस देतो, कणसरी धान्य देते, वाघदेव रानात राखण करतो. हे बालासारखेच, म्हणून त्यांचाही निकाल लावावा, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अहाबाच्या शोमरोनमधला बाल हा राणीनं माहेराहून आणलेला, दरबारी पुजाऱ्यांच्या फौजेसह वावरणारा देव होता. नारनदेवाला ना राजवाडा, ना फौज. दोघांत साम्य आहे ते गरजेचं. अनुवादाच्या ११ व्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की मिसर देशात तुम्ही पायानं पाणी खेळवून शेतं भिजवत होता, पुढचा देश आभाळाचं पाणी पितो. सूर्या प्रकल्पाचं कालव्याचं पाणी मिळणारी गावं सोडली, तर तलासरीकडचा भातशेतकरी हा फरक कुणी न समजावता ओळखेल.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथात सारफथच्या विधवेच्या गोष्टीला एक जोड आहे. पावसाची किल्ली देव कुणाच्या हाती देत नाही. एलियानं हट्टानं मागून घेतली म्हणून त्याला दिली. पुढं विधवेचा मुलगा मेला आणि एलियानं त्याला उठवण्यासाठी मृतांना जिवंत करण्याची किल्ली मागितली. तेव्हा त्याला सांगितलं गेलं की तीनपैकी दोन किल्ल्या शिष्याकडे आणि एकच गुरूकडे हे बरं दिसणार नाही. पावसाची परत कर, मग ही घे. एलियानं परत केली. पोर उठलं आणि पाऊसही पडला. देवाच्या सामर्थ्याबद्दल मी जे काही वाचलं आहे त्यात इतकी कोवळी जागा दुसरी नाही. दुष्काळ संपतो तो संदेष्ट्याचा राग एका बाईच्या दुःखापुढं वितळतो म्हणून.

हाच एलिया आमच्या किनाऱ्यावर येऊन गेला, अशी बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे हे वंशज, कोकणातले शनिवार तेली. त्यांच्या आठवणीत धर्मग्रंथांतलं फार थोडं उरलं होतं. शनिवार पाळणं, सुंता आणि 'शेमा' या प्रार्थनेचा उच्चार टिकला. आणि एलियाहू हनाबी टिकला. त्याचा अग्निरथ खंडाळे-सागावच्या बाजूला खडकाला टेकून वर गेला, त्याच्या खुणा तिथं दाखवतात. पोहे, गूळ किंवा साखर, खोबरं आणि फळं यांचा मलिदा त्याच्या नावानं होतो. झाडांच्या नववर्षाच्या दिवशी, शबात महिन्याच्या १५ तारखेला, त्याचा उरूस भरे, हे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी नोंदवलं आहे. १८९७ मध्ये लिहून झालेलं त्यांचं समाजाच्या इतिहासाचं पुस्तक छापलं गेलं ते १९३७ मध्ये, तेल अवीवला. ज्या समाजाचा जन्मच गलबत फुटण्यातून झाला, तो दरवर्षी दारफळणीच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या सणाला प्रार्थनामंदिरात योनाचं पुस्तक ऐकतो. वादळ, मासा, वेल, किडा, पूर्वेचा वारा, सगळे देवाच्या हुकमातले आणि हुकूम मोडणारा फक्त माणूस.

पुढं ग्रंथ परत आले. कोचीनचे शिक्षक आले, मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी (१८३४–१९०५) प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. या टप्प्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. एका अनुवादकर्तीजवळ मात्र थांबायला हवं. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. १८७४ च्या दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई, हे त्यांचे आईवडील, उपासमारीनं गेले. उपासतापास, तीर्थयात्रा, दानधर्म सगळं करून झालं होतं. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुलींना घेऊन आल्या. सारफथच्या विधवेचं पिठाचं मडकं मराठीत आणणारी बाई अशी होती. त्या विधवेचा अध्याय मी वाचतो तेव्हा मला पीठ संपल्याचा आवाज तिच्या घरातला ऐकू येतो.

आता मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट. ज्यू पंचांगात तिश्री महिन्याचे सण संपतात त्या दिवशी पावसाची प्रार्थना होते. तिथून वल्हांडणापर्यंत देवाची स्तुती वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा अशी करायची आणि उन्हाळ्यात दव पाडणारा अशी. इस्राएलच्या भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हा तिथं हे बरोबर आहे. कोकणात तो दिवस साधारण ऑक्टोबरात येतो. हळवं भात कापणीला आलेलं असतं. त्या वेळचा पाऊस उभं पीक आडवं करतो.

प्रत्यक्ष पावसाची मागणी इस्राएलबाहेर ४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होते (काही वर्षी ५). ही तारीख बाबेलच्या शेतांवरून ठरली. शरद संपातानंतर ६० व्या दिवशी तिथं पाणी हवं असे. बाबेलचा ज्यू समाज गेला, तारीख जगभर राहिली. २०१७ मध्ये ४ डिसेंबरच्याच संध्याकाळी ओखी चक्रीवादळाचा पाऊस आमच्या किनाऱ्यावर सुरू झाला. ५ तारखेला मुंबई, ठाणे, पालघरच्या शाळांना सुट्टी होती आणि वाळत घातलेली मासळी भिजून गेली. योगायोगाला मी अर्थ चिकटवत नाही. पण डिसेंबरचा पाऊस इथं कुणाला नको असतो, ते त्या दोन दिवसांत दिसलं.

हा पेच धर्मशास्त्राला नवा नाही. निनवेच्या लोकांनी रब्बी यहूदा हनासी यांना निरोप पाठवला होता: आम्हाला तम्मूज महिन्यातसुद्धा पाऊस लागतो, आम्ही काय करावं? तम्मूज म्हणजे जून-जुलै, आपला ज्येष्ठ-आषाढ. निनवेकरांचा प्रश्न अक्षरशः कोकणचा प्रश्न आहे. उत्तर आलं की तुम्ही व्यक्ती म्हणून मागा, सामुदायिक प्रार्थनेच्या ठरलेल्या जागी नको, वैयक्तिक गाऱ्हाण्याच्या जागी. १६३० च्या दशकात डचांच्या ताब्यातल्या ब्राझीलमधून हाच प्रश्न सलोनिकाच्या रब्बी हाईम शब्बताई यांच्याकडे गेला, कारण तिथले ऋतू उलटे. त्यांनी म्हटलं की जो पाऊस नुकसान करतो तो मागू नये, आणि गरजेच्या महिन्यांत व्यक्ती म्हणून मागावा. मला हे दोन्ही निर्णय मोठे वाटतात, पण अपुरेही. एका प्रदेशाची सगळी माणसं जेव्हा आषाढात पाऊस मागतात तेव्हा त्यांना सुटी माणसं का समजायचं? निनवेचा समाज हा समाजच होता.

आणि म्हणून मला बेने इस्राएलांचा जुना खिरीचा सण इतका मोलाचा वाटतो. ग्रंथ हाती नव्हते त्या काळात कोकणातले हे लोक तिश्रीत नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करून धूप दाखवत. पावसाची मागणी त्यांनी केली नाही, आलेल्या पिकाचे आभार मानले. ऋतूच्या बाबतीत ते अधिक बरोबर होते.

मागण्याला मर्यादा असते, हेही परंपरेनं सांगून ठेवलं आहे. होनी नावाच्या एका भक्तानं जमिनीवर वर्तुळ आखलं आणि पाऊस पडेपर्यंत बाहेर येणार नाही असं देवाला बजावलं. आधी भुरभुर आली, मग प्रलय, मग हवा तसा पाऊस, आणि तोही थांबेना. धर्मपंडित शिमोन बेन शेताहनं त्याला कळवलं की तू होनी नसतास तर तुला बहिष्कृत केलं असतं. आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात, धोंडी काढतात. त्या माणसांना होनी सहज कळेल.

पावसापेक्षा अवघड प्रश्न आमच्याकडे नोव्हेंबर २०१८ मध्ये उभा राहिला. धुंदलवाडी आणि तलासरीच्या पट्ट्यात जमीन हादरू लागली. आधी स्फोटासारखा आवाज, मग धक्का. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ रिश्टरचा धक्का बसला आणि घाबरून पळताना एका लहानगीचा जीव गेला. लोक थंडीत तंबूंत झोपले. शास्त्रज्ञांनी भूकंपमापक बसवले, हजारो लहान धक्के नोंदले गेले. जमिनीत मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याचा आणि या उथळ धक्क्यांचा संबंध असावा, असा अंदाज त्यांतून पुढं आला. पाऊस आणि भूकंप इथं एकाच गोष्टीची दोन टोकं असू शकतात.

अशा वेळी कुणाच्या पापामुळे, हा प्रश्न येतोच. हिब्रू शास्त्रात त्याला आधारही सापडतो. गणनाच्या १६ व्या अध्यायात जमीन कोरहाच्या साथीदारांना गिळते. संदेष्टा आमोस आपल्या संदेशाचा काळच उज्जिया राजाच्या दिवसांतल्या भूकंपावरून सांगतो आणि गरिबांना नाडल्याबद्दल देवानं एका गावाला पाऊस दिला, दुसऱ्याला नाकारला, असं म्हणतो. मी हे लपवणार नाही. पण त्याच शास्त्रात होरेब डोंगर आहे. कर्मेल जिंकून पळालेला एलिया तिथं गुहेत असताना डोंगर फोडणारा वारा येतो, भूकंप येतो, अग्नी येतो, आणि लेखक तिन्ही वेळा बजावतो की देव त्यात नव्हता. त्यानंतर अगदी हळू आवाज. आणि ईयोब आहे. त्याचे मित्र संकटाचा हिशेब पापाशी जुळवत राहतात. देव वावटळीतून बोलतो तेव्हा हिशेब देतच नाही. माणूस राहत नाही अशा ओसाड रानावर मी पाऊस पाडतो, असं सांगतो. ४२ व्या अध्यायात देवाचा राग पेटतो तो त्या मित्रांवर.

माझ्या मते हिब्रू शास्त्राचा शेवटचा शब्द आमोसाकडे नाही, ईयोबाकडे आहे. सत्ता देवाची, पण ती वाचून शेजाऱ्याचं पाप शोधायचा अधिकार कुणाला दिलेला नाही. धक्का बसलेल्या घरासमोर उभं राहून कोप, शाप, पाप बोलणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, तो ईयोबाचा मित्र आहे.

होरेबवर एलियाला भूकंपाचं कारण सांगितलं गेलं नाही. इथं काय करतोस असं विचारून त्याला दमास्कसच्या वाटेनं कामाला परत पाठवलं. काम आमच्याकडेही आहे. धुंदलवाडी, हळदपाडा, तलासरीच्या बाजूच्या विटामातीच्या घरांना दारांच्या वर आडवे पट्टे हवेत. शाळा आणि आश्रमशाळांच्या इमारतींची तपासणी व्हायला हवी. जमीन हलल्यावर काय करायचं याचा सराव मुलांना मिळायला हवा. पावसाळा संपल्यावर भात झोडून झालं की हाताला उसंत मिळते. ग्रामसभांनी त्या महिन्यांत हे हाती घ्यावं, अशी माझी विनंती आहे.