उत्तर उताऱ्यातच असतं!

घरचे डबे भरून, लेकराला शाळेत सोडून अभ्यासिका गाठणाऱ्या वरूडच्या मुली-सुनांची एक तक्रार हमखास असते, "ताई, इतिहास-भूगोल पाठ होते वो, पण उताऱ्याचं कसं करू?"

तक्रार खरी आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या 'सीसॅट' पेपरात २०० गुणांचे ८० प्रश्न असतात, वेळ दोन तास. त्यात ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले नाहीत, तर पहिल्या पेपरातली मेहनत वाया. आणि यातले कितीतरी प्रश्न उताऱ्यांवरचे! त्यातही विज्ञानाच्या इतिहासावरचा उतारा आला, की अनोळखी नावं पाहूनच धडकी भरते.

मैत्रिणींनो, सराव आपल्याच माणसापासून करू या. हा उतारा वाचा:

'कमला भागवत (नंतरच्या सोहोनी) यांनी १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. कमला हटल्या नाहीत. अखेर अटी घालून एक वर्षासाठी प्रवेश मिळाला. वर्षभराचं काम पाहून मात्र रामन यांनी नियमित संशोधनाला परवानगी दिली. पुढे केंब्रिजमध्ये कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाशी संबंधित 'सायटोक्रोम सी' असतं हे दाखवलं. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.'

आता प्रश्न: नियमित संशोधनाची परवानगी कशामुळे मिळाली? पर्याय: कमलाबाईंच्या हट्टामुळे, त्यांच्या कामामुळे, की रामन यांना मुलींबद्दल आदर वाटू लागल्यामुळे?

पटकन 'हट्ट' निवडाल. पण हट्टानं मिळाला तो एका वर्षाचा प्रवेश. परवानगी मिळाली कामामुळे. तिसरा पर्याय खराही असेल, पण उताऱ्यात तो आहे का? नाही ना, मग सोडायचा. राग येतो, मन भरून येतं, नि बाई तिथंच चुकते! बहुतेक प्रश्नांत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात, हे विसरू नका.

'सायटोक्रोम' म्हणजे काय ते ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. ते श्वसनाशी संबंधित आहे, एवढं उताऱ्यानंच सांगितलंय. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. 'मात्र', 'अखेर', 'केवळ', 'सर्व' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा.

उताऱ्यांसाठी महागडी पुस्तकं कशाला? लेकराचं विज्ञानाचं पाठ्यपुस्तक आहे, वाचनालयात मराठी विश्वकोशाचे खंड मिळतात. रोज एक नोंद घ्या, घड्याळ लावा, आणि प्रश्न मात्र दुसऱ्या कुणालातरी काढायला सांगा. नववीतली लेक हे काम फार आनंदानं करते. आईची परीक्षा घ्यायला कुणाला आवडत नाही!