नाक खाली करायला शिकताना

(लेखमाला : जमिनीवरचे आकाश, लेखांक सहावा)

सिम्युलेटरचा डोलारा सहा पायांवर कसा हलतो, ते मागच्या लेखांकात पाहिले. आज आत बसलेल्या वैमानिकाकडे वळू.

१४ ऑक्टोबर २००४ची रात्र. अमेरिकेतल्या पिनॅकल एअरलाइन्सचे सीआरजे-२०० हे पन्नास आसनी जेट लिटल रॉकहून मिनिॲपोलिसकडे निघाले. प्रवासी नव्हते, फक्त दोन वैमानिक. हौसेने त्यांनी विमान ४१,००० फुटांवर, म्हणजे त्याच्या कमाल उंचीवर नेले. तिथल्या विरळ हवेत वेग टिकेना. वेग घटला, नाक वर होत गेले आणि पंखांना धरून वाहणारी हवा सुटू लागली. यालाच स्टॉल म्हणतात.

स्टॉल जवळ आला की वैमानिकाच्या हातातला दांडा थडथडतो. हा स्टिक शेकर. तरी काही केले नाही, तर स्टिक पुशर आपणहून दांडा पुढे लोटून नाक खाली करतो. त्या रात्री पुशर दांडा पुढे लोटत होता आणि वैमानिक तो मागे ओढत होते. पुन्हा पुन्हा. अखेर दोन्ही इंजिने बंद पडली. वाऱ्याच्या जोराने ती फिरवायची, तर सूर मारून ३०० नॉट वेग गाठायला हवा होता. तो गाठलाच गेला नाही. विमान जेफरसन सिटीत कोसळले, दोघेही गेले.

चौकशीत ठपका वैमानिकांच्या बेशिस्तीवर आला, तो योग्यच. पण प्रशिक्षणाविषयी जे पुढे आले, ते मला अधिक अस्वस्थ करते. तेव्हा सिम्युलेटरमध्ये स्टॉलचा सराव कमी उंचीवर होई. शेकर वाजला की थ्रॉटल पुढे सारायचा आणि उंची होता होईल तो सोडायची नाही. खाली हे जमते, कारण इंजिनात जोर शिल्लक असतो. ४१,००० फुटांवर तो नसतो. तिथे हजारो फूट सोडूनच वेग मिळवावा लागतो. उंची सोडली की चुकले, हेच ज्याच्या अंगवळणी पडले, त्याने दांडा पुढे लोटावा कसा?

फेब्रुवारी २००९मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरच्या क्यू-४०० टर्बोप्रॉपच्या कॅप्टननेही शेकर वाजताच दांडा मागे ओढला. ५० जणांचा जीव गेला. त्यानंतर २०१३मध्ये अमेरिकेने नियम केला आणि मार्च २०१९पासून पूर्ण स्टॉलचा सराव सक्तीचा झाला. त्यासाठी सिम्युलेटरही सुधारावे लागले, कारण स्टॉलच्या पलीकडे विमान कसे वागते हे जुन्या यंत्रांना धड ठाऊकच नव्हते.

आता इन्स्ट्रक्टर विमान मुद्दाम उंचावर नेतो आणि वेग उतरू देतो. शेकर वाजतो, कॉकपिट हादरते, एक पंख कलतो. वैमानिकाने दांडा पुढे लोटायचा आणि उंचीचे आकडे भराभर उतरत असतानाही तो तसाच धरून ठेवायचा. घाईने मागे घेतला, तर शेकर पुन्हा वाजतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

(पुढील लेखांक : धावपट्टीवर इंजिन बंद पडते तेव्हा)