विशाखापट्टणमचे किनारे : कुठे पाय भिजवावेत, कुठे नुसते बसावे

हैदराबादकर मराठी कुटुंबांना सर्वांत सोयीचा समुद्र म्हणजे विशाखापट्टणमचा. रात्री सिकंदराबादहून गाडीत बसले की सकाळी वैझागला. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात समुद्र म्हणजे कोकणातला, आजोळचा किंवा सहलीत पाहिलेला. हा समुद्र त्याहून वेगळा आहे, हे आधीच जाणून घेतलेले बरे.

पहिला फरक दिशेचा. इथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि डोंगरामागे मावळतो. म्हणून किनाऱ्यावरची खरी वेळ पहाटेची. दुसरा फरक पाण्याचा. कोकणात ओहोटीला वाळू दूरवर उघडी पडते. इथे भरती-ओहोटीतला फरक कमी आणि बऱ्याच ठिकाणी उतार तीव्र. चार पावलांत पाणी कमरेला लागू शकते.

शहराच्या मधोमध आर. के. बीच. रामकृष्ण मिशनच्या आश्रमावरून हे नाव पडले. इथे फिरावे, मुरमुऱ्यांचे 'मुरी मिक्स्चर' खावे आणि मुलांना 'कुरसुरा' दाखवावी. नौदलातून निवृत्त झालेली ही पाणबुडी 2002 पासून संग्रहालय म्हणून वाळूवर उभी आहे. आत शिरल्यावर खलाशी किती अरुंद जागेत महिनोन्‌महिने राहत, ते कळते. समुद्रात उतरण्यासाठी मात्र हा किनारा नव्हे.

उत्तरेला भीमिली रस्त्यावर ऋषिकोंडा लागतो. 2020 मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. पाण्यात जायचेच असेल तर इथे, आणि तेही जीवरक्षक दाखवतील तेवढ्याच पट्ट्यात. जवळच्या तोटलकोंडा टेकडीवर प्राचीन बौद्ध विहाराचे अवशेष आहेत. तिथून समुद्र सुरेख दिसतो. पुढे एर्रमट्टि दिब्बलु, म्हणजे लाल मातीच्या टेकड्या. वारा, पाऊस आणि समुद्राच्या चढउतारांनी हजारो वर्षांत त्या घडल्या आहेत. त्यांवर चढून माती ढासळवू नये.

शेवटी भीमिली, जिथे गोस्तनी नदी समुद्राला मिळते. डच व्यापाऱ्यांच्या जुन्या कबरी इथे आहेत. गर्दी कमी असल्याने आजी-आजोबांना हेच ठिकाण आवडते. दक्षिणेला डॉल्फिन्स नोज डोंगरापलीकडे याराडा आहे. तीन बाजूंना डोंगर, एका बाजूला समुद्र. देखणा, पण पाण्याला ओढ फार.

ही ओढ नीट समजून घेऊ या. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना कधी एका अरुंद वाटेने जोरात समुद्राकडे वाहते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नेमकी तीच जागा शांत दिसते आणि माणसे तिथेच उतरतात. ओढले गेल्यास सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न करू नये; दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे. किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उडी न घेता दोर, रिकामा कॅन, तरंगेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला बोलवावे.

यंदा सुट्टीत जाणाऱ्या कुटुंबांना आमचे एवढेच सांगणे : निघण्यापूर्वी हा शेवटचा परिच्छेद घरातल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. लाल झेंडा दिसला तर त्या दिवशी वाळूतले किल्लेच बांधा.