पेशी शेजारणीची ओढ ओळखते तेव्हा

आतड्याचं आतलं अस्तर जेमतेम एका पेशीइतकं जाड असतं. एका बाजूला जिवाणू, पाचकरस आणि अर्धवट पचलेलं अन्न, तर दुसऱ्या बाजूला शरीराच्या ऊती आणि रक्तवाहिन्या. या अस्तरातल्या बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत मरतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. इतक्या पातळ पडद्यातून पेशी सतत गळत असतात, तरी त्याला भोक पडत नाही.

हे कसं घडतं, याचा शोध ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये अल्फा याप आणि त्यांचे सहकारी घेत आले आहेत. याप मूळचे डॉक्टर. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट फॉर मॉलिक्युलर बायोसायन्समधल्या त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी आहे ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी जोडणारं, कॅडहेरिन गटातलं प्रथिन. कॅडहेरिनचा शोध लागला जपानमध्ये. कॅल्शियम असेल तरच काही पेशी एकमेकींना धरून राहतात, हे मासातोशी ताकेइची यांच्या लक्षात आलं आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी त्यामागच्या प्रथिनाचा माग काढला.

कॅडहेरिनचं एक टोक पेशीबाहेर असतं. ते शेजारच्या पेशीच्या कॅडहेरिनमध्ये गुंततं. दुसरं टोक पेशीच्या आत कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत अॅक्टिनच्या तंतूंना जोडलेलं असतं आणि हे तंतू मायोसिन सतत खेचत असतं. मायोसिन हे प्रथिनांचं एक कुटुंब असून आपले स्नायूही त्यातल्याच प्रथिनांमुळे आकुंचन पावतात. त्यामुळे दोन पेशींमधली पकड कायम ताणाखाली असते. फुगडी घालणाऱ्या दोघींचे हात असेच ताणलेले असतात. एकीचा तोल जरा ढळला की दुसरीला ते न बघता, न बोलता हातांतून कळतं आणि ती पकड घट्ट करते.

पेशींमध्येही असंच घडतं, हे यापांच्या गटानं 2018 साली दाखवलं. बिपुल आचार्य हे त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक. पेशींच्या थरावर अचानक ताण आला की मायोसिन-6 हे प्रथिन ई-कॅडहेरिनशी जोडलं जातं. त्यातून आरएचओए नावाचा रेणुरूपी खटका दाबला जातो आणि सांध्याजवळचे अॅक्टिनचे तंतू बळकट होतात. ही यंत्रणा निकामी केली, तेव्हा थर फाटला. तीन किंवा अधिक पेशी जिथे एकत्र येतात, त्या कोपऱ्यांवर तो आधी उसवला. सांधा सर्वांत नाजूक तिथेच असतो.

पेशी गळूनही भोक का पडत नाही, याचं उत्तर याच गटाच्या 2021च्या कामात मिळतं आणि मला ते या सगळ्या संशोधनातलं सर्वांत सुंदर वाटतं. मरू घातलेली पेशी जोरानं आकसते. आकसताना ती कॅडहेरिनच्या सांध्यांमधून शेजारणींना ओढते. ती ओढ शेजारच्या पेशींमधलं मायोसिन-6 ओळखतं, त्यांच्यातलं आरएचओए जागं होतं आणि त्या एकत्र आवळून मरणाऱ्या पेशीला वर ढकलतात. ती बाहेर पडते तेव्हाच शेजारणी तिची जागा भरून काढतात. म्हणजे ज्या रेणूनं पेशी एकमेकींना धरतात, तोच त्यांचा निरोप्याही आहे. चिकटणं आणि संदेश देणं हे दोन वेगळे विषय मानून शिकवण्याची आपली सवय आता बदलायला हवी.

कर्करोगाच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. कर्करोगजनक जनुक जागं झालेल्या एकट्या पेशीलाही निरोगी शेजारणी असंच बाहेर काढू शकतात. पण थरातला ताण प्रमाणाबाहेर वाढला, तर हे काम अडतं, असं याच गटाच्या 2020च्या प्रयोगांत दिसलं. पेशीच्या आवरणावर कॅव्हिओला नावाच्या सूक्ष्म खळग्या असतात. त्या नाहीशा केल्यावर ताण वाढला आणि नको असलेल्या पेशी थरातच राहिल्या. कर्करोग म्हणजे बेसुमार वाढ, एवढंच आपण ऐकत आलो आहोत. शेजाराचा हा पहारा ढिला पडणं हीदेखील त्याच रोगाची बाजू आहे.

पकड सुटल्यावर माणसांचं काय होतं, याचा पुरावा शेजारच्या न्यूझीलंडमध्ये मिळाला. तिथल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं जठराच्या कर्करोगानं जात होती. ओटॅगो विद्यापीठाचे पॅरी गिलफर्ड आणि त्या कुटुंबानं मिळून कारण शोधलं. ई-कॅडहेरिनच्या जनुकातला दोष वारशानं येत होता. 1998 साली ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झालं. या प्रकारात पेशी गाठ न करता सुट्या सुट्या पसरतात, म्हणून दुर्बिणीतून तपासतानाही रोग सुरुवातीला निसटतो. त्यामुळे दोष आढळलेल्या अनेकांना जठर आधीच काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. अशा स्त्रियांना स्तनाच्या एका विशिष्ट कर्करोगाचाही धोका अधिक असतो.

आपल्या घरात एकाहून अधिक जणांना, विशेषतः पन्नाशीच्या आत, जठराचा कर्करोग झाला असेल, तर नशिबाला बोल लावून थांबू नका. डॉक्टरांना आनुवंशिक तपासणीबद्दल विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रांत त्यासाठी समुपदेशन मिळतं. जाताना घरात कुणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला याची लेखी नोंद सोबत न्या.